तोरणमाळची थंडी आणि गरम हँडल!

बाइकला हीटेड ग्रिप्स बसवल्या की थंडी गायब, असं आम्हाला वाटलं होतं. नंदुरबारच्या सातपुड्याने तो गैरसमज दोन दिवसांत दूर केला...

पुण्यात डिसेंबर आला की आपण काय करतो? कपाटातून ते एकमेव जॅकेट बाहेर काढतो, ऑफिसच्या एसीला शिव्या घालतो आणि टपरीवर कटिंग मारताना 'काय मस्त थंडी पडलीये ना यार!' असं एकमेकांना सांगतो. तेरा-चौदा डिग्रीला आपली ही तऱ्हा. मीही याच जमातीतली. त्यामुळे सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर लिहायचं काम आलं आणि मैत्रिणीने 'मग पुढे तोरणमाळला बाइकनेच जाऊ की' असं सुचवलं, तेव्हा मी थंडीचा विचार एकाच पद्धतीने केला: शॉपिंग!

हीटेड ग्रिप्स. म्हणजे हँडलच्या मुठीच गरम होतात. आत बारीक तारांचं किंवा पट्टीचं हीटर असतं, बॅटरीतून करंट जातो आणि अंगठ्याजवळच्या बटणाने उष्णता कमी-जास्त करता येते. परदेशातल्या मोठ्या टूरिंग बाइक्सवर त्या कंपनीकडूनच येतात, आपल्याकडे बहुतेक जण नंतर बसवून घेतात. मीही घेतल्या. दुकानदाराने अर्ध्या तासात वायरिंग उरकलं, 'ऑटो कट-ऑफ आहे मॅडम, टेन्शनच नाही' असं सांगितलं आणि मी खूश. गाडी 350 सीसीची, मागे मैत्रीण, सॅडलबॅगा भरलेल्या, हात उबदार. अजून काय पाहिजे?

आधी घोडे, मग घाट

पुण्याहून नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा असं करत आपण तापीकाठी सारंगखेड्याला पोचतो. दत्तजयंतीला इथल्या एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत भरतो तो प्रसिद्ध घोडेबाजार. अलीकडे 'चेतक फेस्टिव्हल' या नावाने तो टूरिस्ट लोकांपर्यंतही पोचलाय. पांढरेशुभ्र, काळेभोर, चमकत्या पाठीचे घोडे, त्यांची दातांवरून वयं सांगणारे जाणकार आणि भाव ऐकून आपले विस्फारलेले डोळे. इथे एक पूर्ण दिवस कमीच पडतो.

तिथल्या चहाच्या टपरीवर आमची गाडी बघून एका काकांनी विचारलं, 'कुठे चालल्या?' तोरणमाळ म्हटल्यावर त्यांनी मफलर आणखी घट्ट केला. 'वर थंडी भलती शे,' एवढंच म्हणाले. मी अभिमानाने बटण दाबून त्यांना मूठ धरायला लावली. काका हसले. 'चांगलं शे,' म्हणाले, आणि परत चहाकडे वळले. ते हसू मला दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं.

सारंगखेड्याहून तापी ओलांडून पुढे गेलं की शहादा. तिथून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. शहादा तापीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून दीड-दोनशे मीटरवर, आणि तोरणमाळ सातपुड्याच्या माथ्यावर साधारण 1150 मीटरवर. महाबळेश्वरनंतरचं राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण अशी त्याची ओळख सांगितली जाते. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं आठवतंय का? हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे एका तासाच्या राइडमध्ये आपण सरळ वेगळ्याच ऋतूत जातो. याच डोंगररांगेत अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब आणि वालंबा परिसरात थंडीच्या लाटेत गवतावरचं दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात. हो, महाराष्ट्रात!

सहाची सकाळ

सूर्योदय वर बघायचा म्हणून आम्ही पहाटेच शहादा सोडलं. पहिली चूक. पौर्णिमा नुकतीच झालेली, पश्चिमेला चंद्र, रस्ता रिकामा आणि मोबाइलवर 12 डिग्री. मी ग्रिप्स फुल्लवर टाकल्या आणि वरून जाडजूड, आत फोम असलेले ग्लोव्हज घातले. लोणखेडा मागे पडलं. पहिली दहा मिनिटं स्वर्ग! तळहात मस्त शेकत होते. मग हळूहळू लक्षात आलं की तळहात गरम आहेत, पण बोटांची टोकं आणि हाताची मागची बाजू मात्र माझी राहिलेलीच नाही.

मध्येच एखाद्या ओढ्याच्या पुलावर गाडी उतरली की गार हवेचा एक पट्टाच अंगावर यायचा. पुढे चढावर गेलं की पुन्हा जरा बरं. हे भास नव्हते. निरभ्र रात्री जमीन भराभर थंड होते आणि गार, जड हवा उतारावरून घरंगळत सखल जागी साचते. त्यामुळे पहाटे कधी कधी टेकडीपेक्षा ओढ्याचा काठच जास्त गारठलेला असतो.

त्यात भर वाऱ्याची. थर्मामीटर दाखवतो तो आकडा उभ्या माणसासाठी असतो. हवामानशास्त्रातल्या 'विंड चिल'च्या सूत्राने गणित केलं तर 8 डिग्री तापमानात ताशी 40 किलोमीटरने जाताना उघड्या त्वचेला साधारण 3 डिग्रीसारखं वाटतं आणि 60 ने गेलं की 2 डिग्रीसारखं. आणि बाइकवर सगळ्यात पुढे, वाऱ्याच्या तोंडावर काय असतं? आपली बोटं!

राणीपूर गेलं, उजाडायला लागलं आणि सात पायरीचा घाट सुरू झाला. वळणावर वळण, एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी. इथे वेग कमी, जेमतेम पस्तीस. एका डावीकडच्या वळणावर समोर अख्खा शेळ्यांचा कळप. मी ब्रेक दाबला. म्हणजे मला वाटलं की दाबला. मेंदूने सांगितलं होतं, बोटांनी ऐकलंच नव्हतं. लिव्हरवर बोटं नीट वळेपर्यंत तो एक क्षण गेला. मागचा ब्रेक पायाने कचकन दाबला, चाक सरकलं, मैत्रीण किंचाळली आणि गाडी शेळ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. कळप राखणारा पोरगा आमच्याकडे बघत राहिला. शेळ्या निवांत.

ताशी 35 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 10 मीटर. अर्धा सेकंद उशीर झाला तर 5 मीटर. म्हणजे आपल्या गाडीच्या दुपटीहून जास्त लांबी. 'थंडी वाजणं' हा आपल्याला कम्फर्टचा प्रश्न वाटतो ना? घाटात तो ब्रेकचा प्रश्न असतो.

'वारा कुठे अडवताय?'

पुढच्या वळणावर रस्त्याकडेला चार-पाच जण शेकोटी करून बसले होते. आम्ही न विचारताच थांबलो, त्यांनी न विचारताच जागा दिली. मी ग्लोव्हज काढून हात थेट जाळाशी नेले तर एका आजींनी माझं मनगट धरून हात मागे ओढला. बधिर हाताला चटका कळत नाही, भाजल्यावरच कळतं. आधी हात काखेत धरा, चोळा, मग लांबून शेका. त्यांच्या हातवाऱ्यांवरून एवढं मला समजलं, कारण त्यांची पावरी मला येत नव्हती आणि माझं पुणेरी मराठी त्यांना.

तेवढ्यात खालून एक जुनी 100 सीसीची बाइक आली. चालवणारे गुरुजी. वरच्या एका पाड्यावर शाळेत शिकवतात आणि हिवाळाभर याच रस्त्याने ये-जा करतात. डोक्यावर हेल्मेट, आत कानटोपी. स्वेटरच्या आत छातीवर पेपरची घडी. साधे लोकरी हातमोजे आणि त्यावर दुधाच्या पिशव्या! हँडलच्या दोन्ही टोकांना तेलाचा पाच लिटरचा कॅन कापून बनवलेली ढाल. माझ्या ग्रिप्स त्यांनी कौतुकाने बघितल्या, धरल्या, वायर कुठून कुठे गेलीये तेही वाकून पाहिलं. मग म्हणाले, 'छान आहे मॅडम. पण तुम्ही हात गरम करताय. वारा कुठे अडवताय?'

एका वाक्यात विषय संपला!

खरंच, काय चुकत होतं ते मग एकेक उलगडत गेलं. ग्रिपची उष्णता फक्त तळहाताला मिळते आणि बोटांच्या मागून वारा ती पळवून नेतो. त्यात माझ्या ग्लोव्हजच्या तळव्याला जाड फोम, म्हणजे हीटर आणि हात यांच्यामध्ये मीच गादी घातलेली. हवे ते बरोबर उलटे ग्लोव्हज: तळव्याला पातळ, पाठीला जाड आणि वारा आत न घेणारे. त्याच्यापुढे हँडगार्ड. कंपनीचे असोत की तेलाच्या कॅनचे, लिव्हरला अडकत नसले म्हणजे झालं.

आणि छातीवरचा पेपर हा काही गरिबीचा जोक नाही. छाती-पोट गार पडलं की शरीर आधी आतले अवयव वाचवायला बघतं आणि हातापायांच्या टोकांकडचा रक्तपुरवठा आखडून घेतं. म्हणजे जॅकेटमधून वारा शिरत असेल तर बोटं थंडच राहणार, खाली कितीही हीटर लावा. पेपरची घडी हा जगातला सगळ्यात स्वस्त विंडचीटर!

गुरुजींनी आमच्या वाटणीचा एक घोटही चहा न पिता गाडीला किक मारली. शाळेची वेळ झाली होती. आम्ही मजेसाठी दोन दिवस जे करत होतो, ते त्यांच्यासाठी ऑफिसला जाणं होतं. हे वाक्य मी पुढचा पूर्ण घाट डोक्यात घेऊन चढले.

वरचं जग

सूर्योदय तर हुकलाच होता. पण तोरणमाळला पोचल्यावर वाईट वाटलं नाही. यशवंत तलावावरून वाफा उठत होत्या, काठाला शुकशुकाट, मधूनच एखाद्या पाणपक्ष्याचा आवाज. इथे महाबळेश्वरसारखी मार्केटची गर्दी नाही की फोटो पॉइंटवर रांग नाही. गोरखनाथाचं मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुहा, कमळ तलाव, खडकी पॉइंट आणि सीताखाईची ती छातीत धस्स करणारी दरी. हिवाळ्यात तिथे धबधब्याचा जोर नसतो, पण दरीची खोली तशीच. सगळं रमतगमत बघायला एक दिवस पुरतो. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते, तेव्हा मात्र हे चित्र पूर्ण वेगळं असतं.

दुपारी उन्हात मी टी-शर्टवर होते. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा स्वेटर, शाल, टोपी, सगळं. रात्री जेवायला भाकरी आणि झणझणीत भाजी. हा मिरचीचा जिल्हा आहे, नंदुरबारच्या बाजारातल्या लाल मिरचीचे ढीग फोटोत तुम्ही पाहिले असतील. नाकातून पाणी, कानातून वाफ. ऊब आतूनच आली!

धक्का स्टार्ट? विसरा

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली. मीटरचा दिवा मंद लुकलुकला. स्टार्टर 'टक्' म्हणाला आणि गप्प. हात मुठीवर गेला तर मूठ चक्क कोमट!

रात्री मी गाडी बंद केली होती, ग्रिप्स नाही. आणि त्या 'टेन्शनच नाही' वायरिंगमध्ये लाइन थेट बॅटरीवरून घेतली होती. मध्ये रिले नाही. कट-ऑफही नव्हताच. साधा हिशेब बघा. माझी बॅटरी 8 अँपिअर-अवरची. ग्रिप्स अगदी मंद आचेवरही एक अँपिअर खात असतील तर रात्रीतून बॅटरीचा निकाल लागणारच. फुल्लवर बऱ्याच ग्रिप्स 3 ते 4 अँपिअर घेतात, म्हणजे चाळीस-पन्नास वॅट. थोडक्यात, एक आख्खा जादा हेडलाइट!

'ढकलू की,' म्हणून चार जण धावून आले. तलावाच्या उतारावर तीन चकरा झाल्या. गाडी ढिम्म. पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्या धक्क्याने सुरू व्हायच्या. आताच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांचा पेट्रोलपंपच विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण मेली असेल तर इंजिनला पेट्रोल पोचतच नाही, ढकलून ढकलून आपलीच दमछाक होते. 2020 मध्ये बीएस-6 आल्यापासून नवीन बाइक घेतलेल्या बहुतेकांना हे लागू.

शेवटी देवासारखी आली ती शहाद्याला निघालेली क्रूझर. आत माणसं, टपावर पोती, मागे लटकलेले दोघं. ड्रायव्हरदादांनी काही न बोलता सीटखालून जंपर केबल काढली. जीपचं इंजिन बंद ठेवून, लाल वायर लाल टोकाला आणि काळी वायर इंजिनच्या उघड्या धातूला. बटण दाबलं, गाडी सुरू! वीसेक प्रवासी आमच्यासाठी दहा मिनिटं खोळंबले होते. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. पैसे विचारले तर दादा म्हणाले, 'राहू द्या ताई, आधी ती वायर काढा.'

काढली. उतरताना ग्रिप्स बंद. ग्लोव्हजवर दोन दुधाच्या पिशव्या, जॅकेटच्या आत कालचा पेपर, ऊन वर आल्यावर निघालेलो, वेग कमी, दर अर्ध्या तासाला थांबा. बोटं शहाद्यापर्यंत माझीच होती!

पुण्यात आल्यावर मी ग्रिप्स फेकून दिल्या का? अजिबात नाही. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून नीट बसवून घेतल्या, हँडगार्ड लावले आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच घाटात त्या मस्त चालल्या. वारा अडवल्यावर मंद आचही भरपूर होते. त्या वेळी शेकोटीपाशी पुन्हा थांबले. गुरुजी भेटले नाहीत, शाळेत गेले असणार.

ग्रिप्स बसवताना

• लाइन रिलेमधूनच घ्या, म्हणजे चावी बंद केली की ग्रिप्सही बंद. किटबरोबर येणारा फ्यूज काढून टाकू देऊ नका.

• आपली गाडी किती वीज बनवते ते आधी विचारा. एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे लहान इंजिनाच्या बाइकवर फारशी वीज शिल्लक राहत नाही.

• उजव्या मुठीची वायर ॲक्सिलरेटरबरोबर फिरते. तिला ढील हवी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ॲक्सिलरेटर सोडल्यावर झटकन मागे यायला हवा.

• डावी मूठ कमी तापते असं वाटलं तर घाबरू नका. ती थेट धातूच्या दांड्यावर असते, दांडा उष्णता खेचून घेतो. उजवीखाली प्लास्टिकची नळी असते. चांगल्या किटमध्ये हा फरक भरून काढलेला असतो.

• या मुठी थोड्या जाड असतात. हात लहान असेल तर घेण्याआधी धरून बघा.

चालवताना

• निघताना पाच-दहा मिनिटं जास्त, मग कमी. सतत फुल्लवर ठेवल्याने त्वचा लाल होऊ शकते. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी असेल तर जास्तच जपा.

• ट्रॅफिकमध्ये किंवा गाडी उभी असताना ग्रिप्स बंद. इंजिन मंद असताना वीजही कमीच तयार होते.

• छोटा व्होल्टमीटर लावा. गाडी चालू असताना साधारण साडेतेरा-चौदा दाखवायला हवा. बाराकडे घसरला की ग्रिप्स बंद.

• थांबल्यावर अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल तर गाडी चालवायची नाही. शेकोटी शोधा, चहा प्या, मगच पुढे.

कसं जाल?

• पुणे-नाशिक-मालेगाव-धुळे-दोंडाईचा-सारंगखेडा-शहादा-तोरणमाळ. एका दमात करू नका, धुळ्यात किंवा शहाद्यात मुक्काम करा. रेल्वेने नंदुरबार गाठून प्रकाशामार्गेही शहाद्याला येता येतं.

• पेट्रोल, कॅश, औषधं शहाद्यातच घ्या. मोबाइल नेटवर्कवर विसंबू नका. राहायची सोय मोजकी आहे, आधी फोन करूनच निघा.

• घाट उजाडल्यावरच चढा. सूर्योदय बघायचाच असेल तर आदल्या दिवशी वर मुक्काम करा.

• जंपर केबल सोबत ठेवा. दर वेळी क्रूझर येईलच असं नाही.